मागून येणारं पाणी

जिभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गात फळ्यावर गुणाकार लिहीत होते. शाळेत फोन पर्समध्ये ठेवायचा हा माझा नियम, पण त्या आठवड्यात तो मी टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवला होता. जिभाऊच्या बायकोचं, शोभावहिनींचं नाव दिसलं आणि हातातला खडू हातातच राहिला. पलीकडून त्या एवढंच म्हणाल्या, "गयात, बहीन." आता पुढचं लिहायला लाज वाटते, पण लिहायचं तर खरंच लिहावं... पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतं. मनात आलं, आज गुरुवार. रविवारी तिथं कोण उभं राहणार? मी खुर्चीवर बसले आणि मुलांना म्हटलं, वहीत बघून लिहा. रडू आलं ते संध्याकाळी, घरी आल्यावर. भीती मात्र त्याआधी आली आणि अजून गेलेली नाही.

मी जन्माची भित्री. लिफ्टला भिते, कुत्र्याला भिते, पर्वत पाटियाचा चौक ओलांडायचा तर दहा माणसं जमेपर्यंत कडेला उभी राहते. शाळेत साहेब तपासणीला येणार असले की आदल्या दिवशीपासून माझं जेवण उतरत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्यामागे तीस वर्षं सुरतेत फिरतो आहे. जिभाऊ हसायचा. "मास्तरीन, तू तं सोतानी सावलीले बी नमस्कार करशी," म्हणायचा. म्हणून ज्या किनाऱ्याबद्दल हे लिहिते आहे त्याचं नाव मी लिहिणार नाही. तापी समुद्राला मिळते त्या बाजूला असे किनारे तीन-चार आहेत, त्यांतला एक. नाव लिहिलं तर कोण काय म्हणेल, शाळेत विचारणा होईल का, हे सगळं लिहिता लिहिताच डोक्यात चालू आहे.

जिभाऊ हा माझ्या मामांचा थोरला मुलगा. नाव रामदास, पण आमच्या खानदेशात घरच्या वडील भावाला जिभाऊ म्हणायची रीत आहे आणि याला अख्खी गल्ली तेच म्हणायची. एकोणिसाव्या वर्षी तो पारोळ्याकडच्या आमच्या गावातून सुरतेला आला आणि लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात लागला. इथं मराठी शाळा आहेत, त्यांत शिक्षक लागतात, ही बातमी त्यानंच मला गावी कळवली, स्टेशनवर घ्यायला तोच आला आणि 'मास्तरीन' हे नावही त्यानंच ठेवलं. नोकरी मिळायच्या आधीच ठेवलं. मी एकदा त्याचा डबा द्यायला खात्यात गेले होते. आत पाऊल टाकलं आणि आवाजानं छातीच हलली. एका छपराखाली शंभरावर संचे, म्हणजे लूम, खडखडत होते आणि माणसं एकमेकांशी हातांनी बोलत होती. धागा तुटला त्याची एक खूण, चहा आला त्याची एक, शेठ येतोय त्याची एक. तिथं तोंड उघडून काही उपयोगच नाही. दोन्ही मुठी डोक्यावर एकमेकींवर आडव्या धरल्या की त्याचा अर्थ, संचा बंद कर, माणूस सापडलाय. ही खूण दिसली की ज्याचा जो हात जिथं असेल तिथून तो आधी बंदच्या दांड्यावर जातो, कुणाचं काय झालं ते मग बघतो. हे मला जिभाऊनंच सांगितलं. सांगताना नुसत्या मुठी वर नेऊन दाखवल्या तर शेजारच्या दोन संच्यांवरच्या माणसांनी दचकून मान वर केली. त्याला केवढं हसू आलं होतं.

बत्तीस वर्षं त्यानं संचे चालवले. त्यात दोन्ही कान गेले आणि छातीत कायमची घरघर राहिली. याच काळात तापीच्या काठची त्याची झोपडीही गेली. काठ सुशोभित करायचा होता, लोकांना फिरायला जागा हवी होती. सगळ्यांना कोसाडला वसाहतीत पक्की घरं मिळाली. नळ आला, संडास आला, वहिनी खूश होत्या आणि जिभाऊही कुरकुरला नाही. फक्त एकदा चहा पिता पिता म्हणाला, "काठ देखना व्हवाले लागना का समजी लेवानं, आपली उठानी येळ उनी." मी म्हटलं, असं नको बोलूस, घर तर मिळालं ना. तो म्हणाला, घर मिळालं, ते चांगलंच झालं. मी फक्त क्रम सांगतोय.

खातं सुटल्यावर तो त्या किनाऱ्यावर टमाट्याच्या भज्यांच्या एका लारीवर, म्हणजे हातगाडीवर, टमाटे चिरायला जायला लागला. आम्ही खानदेशी माणसं. आम्हांला नदी ठाऊक, आणि नदीचं पाणी समोर दिसतं, एका बाजूनं येतं, एका बाजूला जातं. समुद्राचं आमचं ज्ञान शून्य. जिभाऊनं ते पन्नाशी उलटल्यावर तिथल्या कोळ्यांच्या शेजारी बसून शिकून घेतलं. आमच्या या बाजूला ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की समुद्र आहे की नाही अशी शंका यावी. नुसती काळसर ओली वाळू. किनाऱ्याच्या आणि लांबच्या वाळूच्या पट्ट्याच्या मधून एक खाडी जाते. ओहोटीला ती कोरडी दिसते, घोटाभर पाणी, मुलं उड्या मारत ओलांडतात आणि पट्ट्यावर जाऊन समुद्राकडे तोंड करून बसतात. सगळे फोटो तिकडचेच काढायचे असतात ना! आणि भरती समोरून येत नाही. ती आधी खाडीत शिरते. तुम्ही लाटांकडे बघत भजी खाता आणि तुमच्या पाठीमागे घरी जायची वाट बुडत असते. जिभाऊ याला 'मांगलं पानी' म्हणायचा. खाडीच्या तोंडाशी तिवरांची दाट झाडी होती. तिच्या मुळांशी पाणी आलं की तो सुरी खाली ठेवायचा, पुढं जाऊन वाळूच्या उंचवट्यावर उभा राहायचा आणि मुठी डोक्यावर आडव्या धरायचा.

रविवारी तिथं येणारी निम्मी माणसं लिंबायत-उधना-कोसाडची, खात्यांतली. त्यांतल्या बऱ्याच जणांना ऐकूच कमी येतं, त्यातून वारा. हाका मारून काही पोचत नाही. पण त्या मुठी अर्ध्या मैलावरून दिसल्या की पट्ट्यावरची माणसं बसल्या जागेवरून उठायची. का उठलो हे त्यांनाही नंतर कळायचं. हातातलं भजं तसंच टाकून, बायकोचा दंड धरून माघारी चालायला लागायची, आणि त्यांना बघून बाकीचेही. मी स्वतः पाहिलं आहे. बघताना अंगावर काटा आला होता.

मग विकास आला. विकासाला नावं ठेवायला मी बसलेले नाही, जिभाऊही ठेवत नव्हता. रस्ता रुंद झाला, दिवे लागले, बायकांसाठी स्वच्छ जागा झाली, हे सगळं हवंच होतं. एका कंपनीला किनाऱ्याचा सरळ, सपाट, निर्धोक भाग दिला गेला. तिथं कुंपण, तिकीट, तंबू, उंट, जीवरक्षक, भोंगे. आणि गाड्या लावायला जागा कमी पडते म्हणून खाडीच्या तोंडाशी भराव टाकून तिवरं काढली. लारीवाल्याला आत गाळा मिळाला. जिभाऊलाही आत बोलावलं, टोपी आणि एप्रन देतो म्हणाले. महिनाभर तो गेलाही. मग एका रविवारी एप्रन घडी करून परत दिला. वहिनी माझ्याजवळ येऊन रडल्या. म्हणाल्या, सावलीत बसून काम मिळालं होतं, ते सोडून उन्हात हात वर करून उभं राहायचं म्हणजे काय... मी त्याला समजवायला गेले. तो म्हणाला, "ज्यासनाकडे तिकिटले पैसा शेतस, त्या सरळ वाळूवर बठतस. ज्यासनाकडे नहीत, त्या कुंपनना भाईर, खाडीना पलीकडे जातस. तठे कोन शे?" तिथे कुणी नव्हतं. जीवरक्षक कुंपणाच्या आत होते, कारण आत जबाबदारी कंपनीची होती. बाहेर एक पाटी होती. पाटीवर लिहिलं होतं, पुढे धोका.

दोन वर्षांपूर्वीच्या आखाजीला आम्ही सगळे गेलो. अक्षय तृतीया म्हणजे आमची आखाजी, खानदेशातला मोठा सण; गावी जाता आलं नाही की सुरतेतली आमची माणसं दुपारी डबे घेऊन समुद्रावर जातात. आता यात एक गंमत आहे, गंमत म्हणजे जीव जायची गंमत. अमावास्येला आमच्यातलं कुणी पाण्याकडे फिरकत नाही. अशुभ दिवस, मोठी भरती. अमावास्या टळली, दोन दिवस गेले, सण आला की सगळे मोकळ्या मनानं निघतात. आणि आमच्या किनाऱ्याला सगळ्यांत मोठं पाणी येतं ते अमावास्येला नाही, तिच्यानंतर दोन दिवसांनी. म्हणजे नेमकं आखाजीला. जिभाऊ हे सांगून सांगून थकला होता. त्या दिवशीही तो म्हणालाच होता, अलीकडेच बसा. पण कुंपणाबाहेर अलीकडे बसायला जागाच उरली नव्हती, सगळा भराव आणि गाड्या. शेवटी, अर्धा तास, म्हणून आम्ही पट्ट्यावर गेलो. आमचे हे, मी, वहिनी आणि आसपास साठ-सत्तर माणसं, लहान मुलं, म्हाताऱ्या.

त्यानं मुठी वर केल्या तेव्हा मीच आधी उठले. भित्र्या माणसाचा हा एक फायदा. सगळे माघारी निघालो, नेहमीच्या उताराशी आलो, जिथं खाडी सगळ्यांत उथळ असायची. जिभाऊ खाडी ओलांडून आमच्याकडे येत होता, आम्हांला वाट दाखवायला. मधोमध आला आणि एकदम छातीपर्यंत आत गेला. मी किंचाळले. तो कसाबसा आमच्या बाजूला आला, आणि मी त्याचा चेहरा पाहिला. तेवढ्या वर्षांत मी त्याला घाबरलेला कधी पाहिला नव्हता... भरावानं खाडीचं तोंड आवळलं होतं. पाण्याला जायला जागा राहिली नाही, तेव्हा त्यानं उताराच्या खालची वाळूच खरवडून नेली होती. आणि जी तिवरं बघून तो वेळ ओळखायचा ती नव्हती, अंदाजानंच त्यानं मुठी वर केल्या होत्या. उशीर झाला होता. पाणी आता दोन्हीकडून येत होतं, आवाज नाही, लाट नाही, नुसतं पसरत होतं, मांजर पावलं टाकतं तसं. माझी पाचावर धारण बसली. एक बाई मोठ्यानं देवाचं नाव घ्यायला लागली आणि मुलं रडायला लागली.

जिभाऊनं बायकांच्या ओढण्या, पदर, उपरणी गाठी मारून बांधून घेतली. सगळ्यांना ते धरायला लावलं. काठीनं तळ चाचपत तो पट्ट्यावरून वर, भरावापासून लांब असा चालत राहिला. प्रत्येक पावलाला मला वाटत होतं, आता तो दिसेनासा होईल. कुठंतरी एका जागी काठी टेकली आणि त्यानं मागे वळून हात हलवला. आम्ही कमरेइतक्या पाण्यातून निघालो. माझा हात वहिनींच्या हातात होता आणि त्यांच्या बांगडीचा वळ माझ्या मनगटावर चार दिवस होता. सगळे निघाले. कुंपणाच्या आत त्या वेळी गाणी चालू होती. काठावर आल्यावर जिभाऊ वाळूवर बसला आणि म्हणाला, "मनीच चूक व्हयनी." मी म्हटलं, तुझी कसली चूक, खाडी त्यांनी भरली. तो ऐकत नव्हता. म्हणजे त्याला ऐकूच येत नव्हतं, आणि माझ्या ओठांकडे तो बघत नव्हता.

त्यानंतर काही महिन्यांनी लोकसुनावणी होती. भराव आणखी वाढवायचा होता, तंबू दुप्पट करायचे होते. जिभाऊ माझ्याकडे आला आणि म्हणाला, मास्तरीन, कागद लिही. मी लिहिला, गुजरातीत, शुद्ध, मुद्दे घालून, दोनदा उतरवून काढला. खाडीचं तोंड मोकळं ठेवा, तिवरं परत लावा, सरळ वाळूचा थोडा भाग तिकिटाशिवाय सगळ्यांना खुला ठेवा, जीवरक्षक कुंपणाबाहेरही उभे करा. वाचायचा मी, असं ठरलं. मंडपात गेलो. पुढे टेबलामागे साहेब लोक, बाजूला कंपनीची माणसं, एक जण फोटो काढत होता. मला दिसलं की तो बोलणाऱ्या प्रत्येकाचा फोटो काढतोय... माझी नोकरी सरकारी. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. माझं नाव पुकारलं नव्हतंच, जिभाऊचं पुकारलं. तो उभा राहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी उठले नाही.

मग तो एकटाच बोलला, त्याच्या मोडक्या हिंदीत, बहिरी माणसं बोलतात तसा मोठ्यानं. "साहेब, लोग आने दो, लोग खुश होना चाहिए. पर खाडी मत भरो. पानी को जाने का रस्ता नहीं दोगे तो वो आदमी के रस्ते से जाएगा. और जिसके पास टिकट नहीं, उसको भी थोडी सीधी रेती दो." मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. साहेबांनी चांगल्या शब्दांत विचारलं, "काका, कुछ लिखके लाए हो?" त्यांचा प्रश्न त्याला ऐकू गेला नाही, ओठांवरून कळला असावा. त्यानं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. कागद माझ्या पर्समध्ये होता. मी पर्स उघडली आणि आतून रुमाल काढला. तोंड पुसलं. "लिखकर दे देना," साहेब म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं. बाहेर आल्यावर जिभाऊनं मला उसाचा रस पाजला. बसमध्ये चढताना म्हणाला, "कागद भलता चांगला लिखेल व्हता तू." त्यात टोमणा नव्हता, मी त्याला ओळखते. टोमणा असता तर बरं झालं असतं.

या हिवाळ्यात त्याची छाती अगदीच बसली. उन्हाळा लागता लागता दवाखान्यात न्यावं लागलं. नळ्या लावल्या होत्या, बोलता येत नव्हतं. मी रोज शाळा सुटली की जाऊन बसायची. शेवटच्या भेटीत त्यानं डोळे उघडले, मला खुणेनं जवळ बोलावलं आणि दोन बोटांनी माझ्या खांद्यावर दोनदा टकटक केलं. खात्यात पाळी बदलते तेव्हा असं करतात. संचा बंद करायचा नसतो, तो चालूच ठेवून पुढच्या माणसाच्या हाती द्यायचा असतो. जाणारा खांद्यावर बोटं टेकवतो आणि बाजूला होतो. हे मला माहीत होतं. आणि मी काय केलं? मी म्हटलं, पाणी हवंय का? त्यानं डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी वहिनींचा तो फोन आला.

त्यानंतरचे तीन रविवार मी गेले नाही. घरी बसून फोनवर भरतीची वेळ बघायची, आणि ती वेळ आली की देवघरासमोर जाऊन बसायची. यांनी विचारलं, डोकं दुखतंय का, मी हो म्हणायची. दुसऱ्या रविवारी पाच जण पट्ट्यावर अडकले, कोळ्यांनी होडी घालून काढले. ती बातमी मी सोमवारी शिक्षकांच्या खोलीत वाचली. पाच जण निघाले म्हणून जीव भांड्यात पडायला हवा होता. पण मला दिसत होती ती आखाजी, दोन आठवड्यांवर आलेली, सगळी माणसं सणाचे डबे घेऊन निघालेली.

आखाजीला सकाळी कोसाडला गेले. वर्षात गेलेल्या माणसासाठी आमच्यात त्या दिवशी घागर भरतात. वहिनींनी पाटावर घागर मांडली होती, वर डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी सांजोऱ्या, आमरस. निखाऱ्यावर घास टाकून झाला. जेवणं झाली. मग त्यांनी कपाटाच्या मागून एक पिशवी काढली. आत जिभाऊच्या जुन्या पँटी होत्या, धुतलेल्या, आणि एक न धुतलेली. त्या म्हणाल्या, रविवारी ते आले की मी आधी पँट बघायची. खारं पाणी वाळलं की पांढरी रेघ उमटते. रेघ घोट्याशी असली तर लोकांनी ऐकलं, गुडघ्याशी असली तर उशिरा ऐकलं, मांडीशी असली तर ते कुणाला तरी आणायला आत गेले होते. "मी कधी इचारं नही. रेघ देखू आनि च्या मांडू." न धुतलेली पँट त्यांनी माझ्यासमोर पसरली. दवाखान्यात नेण्याच्या आदल्या रविवारची. दोन्ही पायांवर वरपर्यंत नुसता काळा गाळ आणि मीठ, रेघ कुठंच नाही, पाणी कमरपट्ट्याच्याही वर गेलेलं. छातीत घरघर असलेला माणूस इतक्या पाण्यात गेला होता आणि आल्यावर म्हणाला होता, आज गर्दी कमी होती.

वहिनी पँटीची घडी घालून म्हणाल्या, "चाल." मी म्हटलं, कुठे? त्यांनी चपला घातल्या.

आम्ही शटल रिक्षानं निघालो. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पट्टा माणसांनी फुलला होता. रंगीत साड्या, फुगे, कुणीतरी दोरी बांधून मुलींना झोका घालून दिला होता. खाडी घोटाभर. मी उंचवट्यावर उभी राहिले. पाणी कधी आलं म्हणायचं, तिवरं नाहीत, मला काय कळतं... वहिनींनी एक दगड दाखवला. जिभाऊनं त्या आखाजीनंतर नवी खूण म्हणून तो बघून ठेवला होता आणि त्यांना दाखवला होता. दगडाचा खालचा भाग ओला झाला आणि मी हात वर केले. सांगते, वर्गात वीस मुलांसमोर मी रोज उभी असते, पण हजार माणसांसमोर डोक्यावर मुठी धरून उभं राहताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन पोरी मला बघून हसल्या. एकीनं फोन काढला. कुणी हललं नाही. मी वेळ चुकवली असेल, खूण चुकवली असेल, बाईनं अशी खूण केलेली त्यांनी कधी पाहिलीच नसेल, असं काय काय मनात आलं. मुठी खाली येऊ लागल्या तशा वहिनींनी माझे कोपर खालून धरले.

मग लांबवर एक म्हातारा उभा राहिला. टोपी काढून त्यानं डोळ्यांवर आडवी धरली, आमच्याकडे पाहिलं आणि एकदम शेजारच्या बाईचा दंड पकडला. तो निघाला, त्याच्यामागे चार जण, मग वीस, मग झोका सोडून मुली. माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी जात होती आणि मी रडत होते. शेवटचा घोळका तेवढा हटेना, फोटो चालू होते. त्यांना खूण कळत नव्हती. मग मी खाली उतरले, खाडीत गेले आणि त्यांच्यापर्यंत चालत गेले. आयुष्यात इतकी कधी ओरडले नव्हते. आले ते. शिव्या देत आले, पण आले. मागे वळून पाहिलं तर पट्टा अर्धा उरला होता.

तो जुना कागद मी दुसऱ्या दिवशी पोस्टानं पाठवला, खाली नाव आणि शाळा लिहून. उत्तर आलेलं नाही. फाटक वाजलं तरी दचकते. कुणी म्हणेल एका मास्तरणीनं मुठी वर करून काय होणार, आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे. खाडी मोकळी झाली पाहिजे, ते काम माझं नाही, माझ्यानं होणारही नाही. पण ती होईपर्यंत दर महिन्याला अमावास्या येणार, तिच्या दोन दिवसांनी मोठं पाणी येणार, आणि मला प्रत्येक वेळी तितकीच भीती वाटणार आहे. ती कमी होईल असं मला वाटायचं. झालेली नाही.

साडी मी अजून धुतलेली नाही, गॅलरीत दोरीवर आहे. सकाळी यांनी विचारलं, ही अशीच ठेवायची का, तेव्हा मी खाली उभी राहून नीट पाहिलं. पांढरी रेघ गुडघ्याच्या चार बोटं वर आहे. वहिनींना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यासनी बी पयल्या दिनले तितलीच व्हती."